पक्षनिष्ठा आणि स्वतंत्र विचार : लोकप्रतिनिधी नेमका कोणाचा?

नळदुर्ग : सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, बोरी नदीच्या काठी उभ्या असलेल्या नळदुर्गच्या किल्ल्यापाशी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून पोहोचले आणि हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलिस कारवाईला प्रारंभ झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील नागरिकांनी प्रौढ मताधिकाराने प्रथमच आपला प्रतिनिधी निवडला. तेव्हापासून नगर परिषदेपासून लोकसभेपर्यंत अनेक निवडणुका झाल्या. पक्ष बदलले, चिन्हे बदलली, जिल्ह्याचे नावही उस्मानाबादचे धाराशिव झाले. एक प्रश्न मात्र तसाच आहे. निवडून दिलेला माणूस सभागृहात हात वर करतो, तो कोणाच्या मताने? स्वतःच्या, मतदारांच्या की पक्षाच्या?

जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये पडलेल्या फुटीनंतर ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’ हे दोन शब्द गावोगावच्या पारावर ऐकू येऊ लागले. एकाच कृतीला एका गटाने गद्दारी म्हटले, तर दुसऱ्याने तत्त्वनिष्ठा. या गदारोळात कायदा नेमका काय सांगतो, त्याचा उगम कशात आहे आणि स्वतंत्र विचार करणाऱ्या लोकप्रतिनिधीला तो किती जागा ठेवतो, याची माहिती मात्र मागे पडली.

एक मतदार, तीन प्रतिनिधी

नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातील नगर परिषदेचे शहर. येथील मतदार नगर परिषदेसाठी नगरसेवक, तुळजापूर मतदारसंघातून विधानसभेचा आमदार आणि उस्मानाबाद मतदारसंघातून लोकसभेचा खासदार निवडतो. या तिघांनाही पक्षांतरबंदी लागू आहे, पण तिचे नियम आणि निवाडा करणारे अधिकारी वेगवेगळे आहेत.

खासदार : राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट लागू. लोकसभेतील सदस्याबाबत लोकसभा अध्यक्ष, तर राज्यसभेतील सदस्याबाबत सभापती निर्णय देतात.

आमदार : दहावे परिशिष्टच लागू. विधानसभेत अध्यक्ष आणि विधान परिषदेत सभापती निर्णय देतात.

नगरसेवक : महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांनाही हाच कायदा आहे. निर्णयाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. निवडणुकीसाठी स्थापन झालेल्या स्थानिक आघाडीलाही या कायद्यात पक्षासारखेच स्थान आहे.

नळदुर्गच्या वेशीबाहेरील गावांत चित्र निराळे आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तेथे पॅनल असते, पण पक्षादेश नसतो. त्यामुळे ग्रामपंचायत सदस्याने सरपंचाच्या विरोधात मत दिले म्हणून पक्षांतराच्या कारणावरून त्याचे पद जात नाही. म्हणजे लोकशाहीच्या सर्वांत खालच्या पायरीवरील प्रतिनिधी मतदानात सर्वाधिक मोकळा आहे, आणि जसजसे वर जावे तसतसा पक्षाचा लगाम घट्ट होत जातो.

कायद्यापूर्वीचे तीन मार्ग

पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तेव्हाही पक्ष आणि विवेक यांच्यातील ओढाताण होतीच. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने मराठी काँग्रेसजनांसमोर हा पेच जितक्या तीव्रतेने उभा केला, तितका क्वचितच दुसऱ्या प्रश्नाने केला असेल. त्या काळात तीन नेत्यांनी तीन मार्ग निवडले.

पहिला मार्ग पक्षात राहून मत मांडण्याचा. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक राहिलेले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९५२ मध्ये काँग्रेसचे खासदार झाले. हैदराबाद राज्याचे भाषिक तत्त्वावर विभाजन व्हावे आणि मराठवाडा महाराष्ट्रात यावा, ही भूमिका त्यांनी सातत्याने मांडली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू या विभाजनास सुरुवातीला अनुकूल नव्हते. स्वामीजींनी पक्ष सोडला नाही आणि भूमिकाही सोडली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

दुसरा मार्ग पद सोडण्याचा. कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेवर गेलेले चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्रशासित करण्याचा प्रस्ताव आणि मुंबईतील गोळीबार यांच्या निषेधार्थ त्यांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या सरकारचा निर्णय पटत नाही त्या सरकारात बसायचे नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

तिसरा मार्ग पक्षशिस्तीचा. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंची निवड करू, अशी भूमिका यशवंतराव चव्हाण यांनी डिसेंबर १९५५ मध्ये फलटण येथे जाहीर केली. त्यांच्यावर कडवट टीका झाली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मोठी पीछेहाट झाली आणि कऱ्हाडमधून स्वतः यशवंतराव थोड्या मतांनी निवडून आले. परंतु पक्षात राहिल्यामुळेच ते द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले, केंद्रीय नेतृत्वाचे मन वळवू शकले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा मंगल कलश आणू शकले, असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे राहिले.

या तिघांपैकी कोण बरोबर, याचा वाद इतिहासात संपणारा नाही. येथे महत्त्वाची बाब एवढीच की, तिघांनाही आपला मार्ग स्वतः निवडता आला आणि त्याची किंमत त्यांनी उघडपणे मोजली.

‘आयाराम-गयाराम’ आणि चव्हाण समिती

१९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तर भारतातील अनेक राज्यांत संमिश्र सरकारे आली आणि आमदारांच्या पक्षांतराला ऊत आला. हरियाणातील गया लाल या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात कायमचा रूढ झाला.

या प्रकारांना आळा घालण्यासाठी लोकसभेने डिसेंबर १९६७ मध्ये ठराव केला आणि समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्षपद तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. १९६९ मध्ये सादर झालेल्या अहवालात एक बोलकी आकडेवारी होती. सात राज्यांत पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पक्षांतरामुळे सत्तेवर आलेल्या मंत्रिमंडळांत स्थान मिळाले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक पक्षांतरांचा शेवट मंत्रिपदात झाला होता. विचार बदलला म्हणून पक्ष बदलला, हे समर्थन या आकड्यांपुढे टिकणारे नव्हते.

पुढे जुलै १९७८ मध्ये महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांचे सरकार पडले आणि शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. काहींनी त्याला ‘पाठीत खंजीर’ म्हटले, काहींनी राजकीय पर्याय. कायद्याची आडकाठी मात्र तेव्हा नव्हती.

कायदा काय सांगतो?

राजीव गांधी सरकारने जानेवारी १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती मांडली. दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली आणि १ मार्च १९८५ पासून दहावे परिशिष्ट अमलात आले. त्यानुसार सदस्याचे पद मुख्यतः दोन कारणांनी जाते. पहिले, त्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले तर. दुसरे, पक्षाने काढलेल्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, त्याने पूर्वपरवानगी न घेता मतदान केले किंवा मतदानास गैरहजर राहिला आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही तर. अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सदस्याने नंतर पक्षात प्रवेश केला, तर त्याचेही पद जाते.

‘स्वेच्छेने पक्षत्याग’ याचा अर्थ केवळ लेखी राजीनामा असा नाही. गोव्यातील रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले की, सदस्याच्या वर्तनावरूनही पक्षत्यागाचा निष्कर्ष काढता येतो. याची दुसरी बाजू कर्नाटकात दिसली. मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्यावर विश्वास नसल्याचे राज्यपालांना कळवणाऱ्या भाजप आमदारांना विधानसभा अध्यक्षांनी अपात्र ठरवले होते. ही अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली. नेत्याविषयीची नाराजी आणि पक्षाचा त्याग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

कायद्याच्या घटनात्मक वैधतेचा निवाडा १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात झाला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने कायदा वैध ठरवला. मात्र अध्यक्षांचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनास पात्र असेल, असे सांगितले. व्हिपचे अस्त्र सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदान किंवा ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली असे महत्त्वाचे विषय, एवढ्यापुरतेच मर्यादित असावे, असेही न्यायालयाने सुचवले. ही सूचना पक्षांनी फारशी मनावर घेतली नाही.

घाऊक आणि किरकोळ

मूळ कायद्यात एक मोठी पळवाट होती. विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले, तर ती ‘फूट’ मानली जाई आणि कोणाचेही पद जात नसे. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवानगी, अशी या कायद्याची संभावना समाजवादी नेते मधू लिमये यांनी केली होती.

महाराष्ट्राला त्याचा प्रत्यय डिसेंबर १९९१ मध्ये आला. ५२ आमदारांच्या शिवसेनेतून छगन भुजबळ यांच्यासह १८ आमदारांचा गट बाहेर पडला. ५२ चे एक तृतीयांश म्हणजे १८. त्यांपैकी काही जण लगेच परतले, पण संख्येचे गणित किती काटेकोरपणे मांडले जाते, हे राज्याने पाहिले.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सवलत रद्द केली. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि अपात्र ठरलेल्या सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होण्यास मनाई केली. दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या ‘विलीनीकरणा’ची सवलत मात्र कायम राहिली.

तिचा सर्वांत ठळक वापर शेजारच्या गोव्यात झाला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये विलीन झाले. बरोबर दोन तृतीयांश. धडा घेतलेल्या काँग्रेसने २०२२ च्या निवडणुकीआधी आपल्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षनिष्ठेची शपथ दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. देवासमोरची शपथ आणि घटनेचे परिशिष्ट दोन्ही असूनही आठ जण एकत्र गेले म्हणून सुटले. एखादा एकटा गेला असता, किंवा पक्षात राहून एकाच विधेयकावर विरोधी मत देता, तर त्याची आमदारकी धोक्यात आली असती.

या कायद्याचे मर्म आणि व्यंगही येथेच आहे. सदस्याने असे का केले, हे तो विचारत नाही. किती जणांनी केले, हे विचारतो.

जून २०२२ : एकच पक्ष, दोन वाटा

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचे गुप्त मतदान झाले. महाविकास आघाडीची मते फुटली आणि भाजपचे पाचही उमेदवार विजयी झाले. त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्यासह शिवसेनेचे आमदार सुरतच्या दिशेने निघाले.

२०१९ मध्ये या जिल्ह्यातून शिवसेनेचे तीन आमदार निवडून आले होते : उस्मानाबादमधून कैलास पाटील, परंड्यातून तानाजी सावंत आणि उमरग्यातून ज्ञानराज चौगुले. खासदार ओमराजे निंबाळकर हेही शिवसेनेचेच. सावंत आणि चौगुले शिंदे यांच्यासोबत गेले. कैलास पाटील यांनाही सुरतच्या वाटेवर नेण्यात आले होते. त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितल्यानुसार, राज्याच्या सीमेजवळ लघुशंकेच्या निमित्ताने ते गाडीतून उतरले, पावसात काही किलोमीटर चालले आणि मिळेल त्या वाहनाने मुंबईला परतले. ओमराजे निंबाळकरही उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिले.

पक्षातील ५५ पैकी ४० आमदार शिंदे यांच्याकडे गेले. कायद्याच्या भाषेत मग प्रश्न उभा राहिला की, पक्ष म्हणजे कोण? विधिमंडळातील बहुसंख्य आमदार की बाहेरील संघटना? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सांगितले की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नाही. शिंदे गटाने नेमलेले प्रतोद भरत गोगावले यांची नियुक्ती न्यायालयाने बेकायदा ठरवली. तथापि उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपवण्यात आला.

अपात्रतेच्या याचिकांवर साधारणतः तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले होते. महाराष्ट्रात हा निर्णय दीड वर्षाहून अधिक काळाने आला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गट हाच खरा शिवसेना पक्ष असल्याचा निर्णय दिला, पण दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. सुरतला गेलेलेही पात्र आणि वाटेतून परतलेलेही पात्र. या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, परंतु तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती.

मतदारांचा कौल

कायद्याने जे ठरवले नाही ते २०२४ मध्ये मतदारांनी ठरवले, पण त्यांचाही कौल एकसारखा नव्हता. लोकसभेला ओमराजे निंबाळकर यांनी राष्ट्रवादीच्या अर्चना पाटील यांचा ३ लाख २९ हजार ८४६ मतांनी पराभव केला. विधानसभेला कैलास पाटील पुन्हा निवडून आले. उमरग्यात चौगुले यांचा ठाकरे गटाचे प्रवीण स्वामी यांनी ३ हजार ९६५ मतांनी पराभव केला. परंड्यात मात्र तानाजी सावंत १ हजार ५०९ मतांनी विजयी झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एकाच स्वरूपाच्या निर्णयाला दोन मतदारसंघांनी दोन उत्तरे दिली.

नळदुर्ग ज्या तुळजापूर मतदारसंघात येते तेथील अनुभवही असाच गुंतागुंतीचा आहे. नळदुर्गजवळील अणदूरचे मधुकरराव चव्हाण १९९९ ते २०१४ अशा सलग चार निवडणुका काँग्रेसच्या तिकिटावर जिंकले. २०१९ मध्ये त्यांचा पराभव केला राणा जगजितसिंह पाटील यांनी. ते त्याच वर्षी राष्ट्रवादी काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले होते. २०२४ मध्येही मतदारांनी पाटील यांनाच निवडले, तर त्याआधी काही महिने लोकसभेला त्यांच्या पत्नी अर्चना पाटील भाजपच्या मित्रपक्षाच्या, म्हणजे राष्ट्रवादीच्या चिन्हावर उभ्या होत्या. पक्षाचे नाव आणि घराण्याचे नाव यांत मतदार कशाला मत देतो, हे सांगणे म्हणूनच अवघड आहे.

पक्ष बदलायचा तर राजीनामा देऊन पुन्हा जनतेसमोर जाणे, हा सर्वांत सरळ मार्ग. नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले, मालवणची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. उदयनराजे भोसले २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आल्यावर काही महिन्यांतच भाजपमध्ये गेले, साताऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि श्रीनिवास पाटील यांच्याकडून पराभूत झाले. निकाल भिन्न, पण दोन्ही वेळी शेवटचा शब्द मतदाराचा होता.

आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचे उदाहरण तर सोलापूर-धाराशिव परिसरात घरोघरी सांगितले जाते. शेतकरी कामगार पक्षाकडून ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. पक्ष आटत गेला, तरी त्यांनी तो सोडला नाही. विशेष म्हणजे हा पक्ष स्वतः काँग्रेसमधील मतभेदातून जन्मलेला. २०१९ मध्ये वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या नातवाचा शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांनी ७६८ मतांनी पराभव केला. गुवाहाटीहून केलेल्या फोनमुळे शहाजीबापू पुढे राज्यभर गाजले. २०२४ मध्ये देशमुखांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा शेकापकडे परत आणली.

व्हिप नसतो तेव्हा

पक्षादेशापासून मोकळा असलेला सदस्य काय करू शकतो, याचे एक उदाहरण मराठी माणसाने घालून दिले आहे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. ते एक मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचे होते. शेतकरी महिलांच्या नावे जमीन करण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवणारा हा नेता महिलांचा विरोधक नव्हता. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ बदलणाऱ्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. ते स्वतंत्र भारत पक्षाचे एकमेव सदस्य असल्यामुळे त्यांना रोखणारा प्रतोद नव्हता. मोठ्या पक्षांच्या बाकांवर हाच आक्षेप असणारे सदस्य असतील, तर त्यांचे मत नोंदले जाण्याची सोय नव्हती.

काही मतदानांत मात्र सर्वच सदस्य मोकळे असतात. राष्ट्रपती निवडणुकीत व्हिप काढता येत नाही. १९६९ मध्ये याच मोकळीकीच्या आधारे इंदिरा गांधींच्या गटाने ‘अंतरात्म्याच्या कौला’ची हाक दिली आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पराभूत झाले. राज्यसभेसाठी आमदारांचे मतदान खुले असते, पण पक्षाविरुद्ध मत दिल्यास दहावे परिशिष्ट लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले.

ब्रिटनमध्येही व्हिप असतो, तथापि तो मोडल्याने खासदारकी जात नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याच मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी सरकारच्या भूमिकेविरुद्ध मत दिले. २०१९ मध्ये ‘ब्रेक्झिट’वरून हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना पक्षाने दूर केले, तरी सभागृहातील त्यांची जागा कायम राहिली.

सुधारणेच्या सूचना

भारतात दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की, अपात्रता केवळ स्वेच्छेने पक्षत्याग, विश्वासदर्शक वा अविश्वास ठराव, अर्थविधेयक आणि अभिभाषणावरील आभारप्रस्ताव यांपुरती ठेवावी. विधी आयोगाने १९९९ मध्ये फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती रद्द करण्याची शिफारस केली. त्यांपैकी फुटीचीच सवलत गेली. अध्यक्ष स्वतः एखाद्या पक्षाचे असतात, म्हणून निवाडा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, या पर्यायाचा संसदेने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. या सूचना एकत्र वाचल्यास त्यांचा रोख स्पष्ट दिसतो. सरकार पाडण्यासाठी होणारी पक्षांतरे कठोरपणे रोखावीत आणि एखाद्या विधेयकावरचे प्रामाणिक मतभेद सहन करावेत. प्रचलित कायदा बहुतांशी याच्या उलट काम करतो.

बोलण्यास बंदी नाही

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दहावे परिशिष्ट मतदानावर बंधन घालते. सभागृहात बोलण्यावर नाही. राज्यघटनेचा १९४ वा अनुच्छेद आमदाराला सभागृहात भाषणस्वातंत्र्य देतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक ही सर्व आयुधे त्याच्या हाती असतात आणि ती वापरताना व्हिप आडवा येत नाही. नळदुर्ग स्वतंत्र तालुका व्हावा, ही येथील जुनी मागणी आहे. ती सभागृहात मांडण्यासाठी कोणत्याही पक्षाच्या आमदाराला कायद्याची परवानगी लागत नाही. त्यासाठी स्वपक्षाच्या मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारावा लागला, तरी आमदारकी जात नाही.

मग सदस्य गप्प का राहतात? व्हिपपेक्षा मोठा धाक आहे उमेदवारीचा. पाच वर्षांनी एबी फॉर्म कोणाच्या हाती पडणार, हे मतदार ठरवत नाहीत. ते पक्षाचे मूठभर नेते ठरवतात. जोवर उमेदवार निवडण्यात पक्षाच्या सामान्य सदस्याला काही स्थान नाही, तोवर कायदा कितीही सुधारला तरी सदस्याची मान श्रेष्ठींच्या दिशेनेच वळलेली राहील.

पक्षनिष्ठेला कमी लेखण्याचे कारण नाही. बहुतेक मतदार चिन्ह पाहून मत देतात आणि त्या चिन्हाचा जाहीरनामा हा मतदाराशी केलेला करारच असतो. तो मोडून सत्तेसाठी पलीकडे जाणे ही मतदाराची फसवणूक आहे, मग जाणारा एक असो वा चाळीस. पण त्याच मतदाराच्या हितासाठी आपल्या नेत्याला सभागृहात उभे राहून ‘हे चुकते आहे’ असे सांगणे ही फसवणूक नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी ते पक्षात राहून केले, चिंतामणराव देशमुख यांनी पद सोडून केले. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला नळदुर्गकरांनी ‘तुम्ही पक्ष सोडणार नाही ना?’ असे अवश्य विचारावे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘गेल्या पाच वर्षांत आपल्या पक्षाला न आवडणारे असे काय आपण आमच्यासाठी सभागृहात बोललात?’ त्याचे उत्तर कायद्यात नाही, सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत आहे.